चौपटीला कमी

द्रागो : तर मी खाणावळीच्या मालकिणीला सरळ सांगून टाकलं, ही साधीसुधी पोरगी नाही. माझ्या सख्ख्या बहिणीची ब्रीना. ल्युब्लियानाच्या प्रोफेसरांनी आज सकाळी तिला विजेवर प्रश्न विचारून विचारून घाम काढला, पण ही ढिम्म. मालकीण लगेच म्हणाली, मग योता आमच्याकडून. आंबट कोबी, घेवडा, आणि आत कानाएवढा मांसाचा तुकडा. घ्या बाई, निवायच्या आत.

बाई : तू सांगितलंस कशाला, द्रागो?

द्रागो : अहो, बुर्या सुटलीय. ताडपत्रीच्या गाड्या घाटाखाली सोडत नाहीत. पोलीस म्हणतो, वारा पडेपर्यंत खाणावळीत बसा. बसायचं तर बोलायला काही हवं की नको? या घाटावरच्या रझ्दर्तोवाल्यांचा समज असा, की खाली आमच्या विपावा खोऱ्यात एक वारा आहे आणि त्या वाऱ्यात वाळणाऱ्या डुकराच्या मांड्या आहेत. बाकी अकलेच्या नावानं शून्य. म्हटलं, थांबा जरा. संध्याकाळी सहाला निकालाची यादी लागतेय. पहिल्या तिघांना शिष्यवृत्ती. ल्युब्लियानात राहणं, खाणं, शिकणं, सगळं फुकट.

ब्रीना : मामा, हळू. सगळे बघतायत.

द्रागो : बघू देत. मी बाईंच्या हाताखाली एकाच वर्गात दोन वर्षं काढली, तेव्हाही सगळे बघायचे.

बाई : तीन.

द्रागो : बघा, बाईंचा हिशोब कधी चुकायचा नाही. पण एक गोष्ट त्यांनी माझ्या डोक्यात अशी ठोकून बसवलीय, की झोपेतून उठवून विचारा. एकाच जातीचे दोन विद्युतभार एकमेकांना ढकलतात. अंतर निम्मं, जोर चौपट. अंतर दुप्पट, जोर पाव. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा आणि बाई पट्टीनं टेबलावर ताल धरायच्या. बरोबर ना, बाई?

बाई : पाठ बरोबर आहे.

द्रागो : मग आता ब्रीनानं नेमकं केलं काय, ते मला झेपेल असं सांगा कुणीतरी. मघाशी मालकीण विचारत होती. मी म्हटलं, ते गुपित आहे.

ब्रीना : गुपित कसलं. पिंगपाँगचे दोन चेंडू. त्यांना वरून काळा रंग, ज्यातून वीज वाहते असा. एक चेंडू काठीच्या टोकाला, आणि काठी एका बारीक तारेला आडवी टांगलेली. दुसरा चेंडू खुंटीवर पक्का. दोघांना सारखा भार दिला की टांगलेला लांब पळतो आणि तारेला पीळ बसतो. मग वरची चकती उलटी फिरवून त्याला परत जागेवर आणायचं. चकती जितकी फिरवावी लागली, तितका जोर, असा हा तराजू. झालं. मग अंतर बदलायचं आणि परत मोजायचं.

द्रागो : आणि हे आमच्याच हवेत जमतं, हेही सांग.

ब्रीना : दमट हवेत भार गळून जातो. बुर्या सुटली की हवा खडखडीत होते, मग टिकतो. बाई विजेचे धडे बुर्यासाठी राखून ठेवतात.

द्रागो : मांड्या आणि वीज, दोन्हींना एकच वारा मानवतो. हे मालकिणीला सांगायलाच हवं. पण हे काय, दोघींनीही चमचा बुडवलेला नाही? ब्रीना, तुझी आई सकाळपासून अक्रोडाची गोड पोतीत्सा भाजतेय. अर्धी गल्ली बोलावलीय. आणि तू अशी बसलीस, जसं काही दात काढायला नंबर लावलाय.

बाई : द्रागो, ताडपत्री कधीची फडफडतेय. दोरी सुटली असेल. आत तराजू आहे.

द्रागो : आणि तीन मांड्या. आलोच.

(द्रागो बाहेर जातो. दार उघडताच वारा आत घुसतो आणि टेबलावरचे कागदी रुमाल उडून भिंतीला चिकटतात. बाई उठून ते एकेक गोळा करतात, घड्या घालतात, पुन्हा उलगडून पुन्हा घड्या घालतात. कुणीतरी बोलायला हवं, हे त्यांना कळतं. ते आपणच असायला हवं, हेही कळतं.)

बाई : मामाला सांगितलं नाहीस.

ब्रीना : तुम्हीही नाही सांगितलंत.

बाई : मला वाटलं, तू सांगशील.

ब्रीना : हो. सकाळीही तुम्हाला तसंच वाटलं.

बाई : प्राध्यापक मारोल्त आत तुला काय म्हणाले, ते मला नीट सांग. मी बाहेर बाकावर होते.

ब्रीना : रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. तक्ता बघितला, म्हणाले, सुरेख. मग विचारलं, चेंडू केवढे होते? मी सांगितलं. म्हणाले, म्हणजे जवळजवळ चार सेंटिमीटर जाड. आणि तू त्यांचे मध्य पाच सेंटिमीटरवर आणलेस, म्हणजे मधे उरली बोटभर फट. मी म्हटलं, हो. मग त्यांनी कडेला पेन्सिलीनं काहीतरी मांडलं आणि तक्ता माझ्याकडे फिरवला.

बाई : आणि?

ब्रीना : म्हणाले, पोरी, तो नियम बिंदूएवढ्या भारांचा आहे. तुझे तर चेंडू आहेत. एवढे जवळ आले की त्यांच्यावरचे भार एकमेकांना टाळायला मागं सरकतात, पलीकडच्या अंगाला. म्हणजे चेंडू जवळ येतात, पण भार तेवढे जवळ येत नाहीत. जोर चौपटीला कमी पडतो. तुझ्या तक्त्यात तो कुठंच कमी पडत नाही. एवढं आज्ञाधारक वागणारा चेंडू मी आयुष्यात पाहिलेला नाही. मग हे आकडे आले कुठून?

बाई : तू काय म्हणालीस?

ब्रीना : मी नुसतीच बूट बघत होते.

बाई : मग ते बाहेर माझ्याकडे आले.

ब्रीना : दार उघडंच होतं, बाई.

बाई : अस्सं.

ब्रीना : त्यांनी विचारलं, मोजताना तुम्ही हजर होतात का. तुम्ही म्हणालात, काम तिनं एकटीनं केलंय, मी फक्त प्रयोगशाळेची किल्ली दिली.

बाई : किल्ली दिलीच होती मी.

ब्रीना : हो. किल्ली दिली होती.

बाई : त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, आणि मला एकदम वाटलं, आता हे मनात म्हणत असतील, खेड्यातल्या शाळेची बाई. मग तोंडातून ते किल्लीचं निघून गेलं. पण ब्रीना, आकडे तू बदललेस. मी तुला बदल म्हटलं नव्हतं.

ब्रीना : नव्हतं म्हटलं.

बाई : मग माझ्याकडे अशी बघू नकोस.

ब्रीना : मी कुठं काय म्हणतेय?

बाई : म्हणत नाहीस, तेच. बोल जे असेल ते.

ब्रीना : नोव्हेंबरात पहिल्यांदा मोजलं. चेंडू लांब होते तोवर सगळं तुमच्या पट्टीच्या तालात. दहावरून पाचवर आणले, तर चौपट येईना. तीनपट आणि वर थोडं. मी कागद घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही वह्या तपासत होतात. वर न बघता म्हणालात, हवा दमट आहे, भार गळला असेल, बुर्याची वाट बघ.

बाई : आठवतं.

ब्रीना : बुर्या सुटली. शाळेच्या कौलांवरचे दगड हलत होते, तरी गेले. परत तीनपट आणि वर थोडं. तुम्ही म्हणालात, श्वास लागत असेल चेंडूला, तोंडाला फडकं बांध. बांधलं. श्वास धरून मोजलं. तेच आलं. मी परत कागद घेऊन आले, तर तुम्ही तो हातात घेतलाच नाहीत. वर्ग भरलेला होता. चष्मा काढून म्हणालात, दोनशे वर्षं हा नियम जगभर बरोबर येतोय, आणि बिघडतो तो नेमका ब्रीनाच्या हातात. सगळे हसले.

बाई : मी चेष्टेनं म्हटलं होतं.

ब्रीना : माहितीय. तुम्हीही थोड्या हसलात. मग मी घरी गेले आणि जेवणाच्या टेबलाशी बसून बरोबर आकडे तयार केले. आई भांडी घासत होती. तिची भांडी व्हायच्या आत माझं काम झालं.

बाई : ते घेऊन आलीस, तेव्हा मी म्हटलं...

ब्रीना : तुम्ही म्हटलंत, बघ, नीट लक्ष दिलं की येतं. आणि मला शिक्षकांच्या खोलीत नेऊन कॉफी दिलीत. तुमच्या कपातून. बाकीच्या सरांना सांगितलंत, ही आपली ब्रीना. त्यानंतर मला मागं फिरताच येईना. रोज ठरवायचे, उद्या सांगू. मग तुम्ही अर्ज भरलात. मग मुख्याध्यापकांनी फोटो काढला. मग मामानं गाडी धुतली.

बाई : बिंदूएवढ्या भारांसाठी. हे शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, ब्रीना. खाली रेघ मारते. दोन रेघा. आणि चेंडू समोर असून मला चेंडू दिसला नाही.

ब्रीना : मलाही नाही दिसला. मला नुसता आकडा दिसत होता.

बाई : तू आकडा तरी बघितलास. मी तुझ्या तोंडाकडे बघून ठरवलं, की चुकली असणार.

ब्रीना : आता काय करायचं?

बाई : सोमवारी मी शाळेतून त्यांना सविस्तर कळवते. विचार करून, नीट शब्दांत.

ब्रीना : यादी सहाला लागते.

बाई : आजच्या यादीत तुझं नाव येणं आता शक्य नाही. ते तुलाही कळतंय.

ब्रीना : ते कळलं मला. पण काय म्हणून येणार नाही, तेही सहालाच ठरणार. समितीला कारण लिहावं लागतं. आकडे बनावट, असं एकदा लिहिलं की त्या मुलीचा अर्ज परत कधी घेत नाहीत. पुढच्या वर्षीही नाही. प्राध्यापकांनीच सांगितलं. म्हणाले, तुला काही सांगायचं असेल तर सहाच्या आत सांग. मी काय सांगू? मी बदलले, एवढंच मला सांगता येतं. बाकीचं मी सांगितलं तर ते चहाडी केल्यासारखं होईल.

बाई : फोन तिथं गल्ल्यापाशी आहे. अर्धं गाव बसलंय तिथं.

ब्रीना : हो.

बाई : आणि द्रागो येईल एवढ्यात.

ब्रीना : हो, बाई.

द्रागो : बांधली दोरी. तराजू ठीक, मांड्या ठीक, टोपी तेवढी इटलीत गेली. आता ती तिकडच्या कुणाच्या डोक्यावर बसते ते बसो. हे काय, चेहरे का असे? मी गेल्यावर कुणी मेलं का?

ब्रीना : मामा, बस जरा. यादीत माझं नाव येणार नाही.

द्रागो : कोण म्हणतं?

ब्रीना : मी आकडे बदलले. जवळच्या अंतराचे. जसे यायला हवे होते तसे लिहिले. त्यांना कळलं.

द्रागो : बदलले म्हणजे? मोजलं एक आणि लिहिलं दुसरंच?

ब्रीना : हो.

द्रागो : तू?

ब्रीना : हो.

द्रागो : बाईंच्या शाळेचं नाव लावून?

ब्रीना : मामा, मी...

द्रागो : तू गप्प बस. बाई, आता मी तुम्हाला काय तोंड दाखवू? आमच्या घरात शिकलेलं कुणी नाही, पण वजनात कुणाला मारलं नाही कधी. मांडी विकताना आत हाड किती, ते आम्ही आधी सांगतो. ही हे कुठून शिकली, देव जाणे. तुम्ही हिच्यासाठी रविवारी शाळा उघडून दिलीत. हिची आई दर रविवारी प्रार्थनेला तुमचं नाव घेते. आणि हिनं तुम्हाला त्या बड्या लोकांसमोर मान खाली घालायला लावली. हिच्या आईच्या वतीनं मी माफी मागतो. उठ, ब्रीना. उभी राहा. माग बाईंची माफी.

ब्रीना : बाई, माझं चुकलं, मला...

बाई : खाली बस.

द्रागो : नाही, मागू दे तिला. सगळ्यांसमोर मागू दे.

बाई : ब्रीना, खाली बस म्हटलं ना. द्रागो, तूही बस. समितीच्या कचेरीचा नंबर कुठंय?

ब्रीना : निमंत्रणावर. तुमच्या पर्समधे.

बाई : मालकीणबाई, ल्युब्लियानाला एक फोन करायचाय. आतल्या खोलीतून नको. इथूनच करते, सगळ्यांना ऐकू आलं तरी चालेल. हॅलो. प्राध्यापक मारोल्त आहेत का? स्लावका कोबाल बोलतेय, विपावाहून सकाळी आले होते ती. ब्रीनाची बाई. हो, थांबते. नमस्कार. नाही, घरी पोचलो नाही, वाऱ्यानं अडकलोय. तुम्ही सकाळी मला विचारलं होतंत, मोजताना मी हजर होते का. मी तुम्हाला किल्लीचं सांगितलं. ते खरं होतं, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं. मुलीनं पुन्हा पुन्हा खरं मोजलं. दर वेळी पाचवर जोर कमी आला, आणि दर वेळी मी तिला परत पाठवलं. शेवटी भरल्या वर्गात तिची टिंगल केली. लिहिलं तिनं, पण खऱ्याला जागाच ठेवली नाही ती मी. नाही, तिनं मला फोन करायला सांगितलेलं नाही. हो, बिंदूचं मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच लाज वाटतेय. माहीत नसतं तर निदान अडाणी म्हणून सुटले असते. काय आलं होतं? थांबा हं. ब्रीना, पाचवर नक्की काय आलं होतं?

ब्रीना : दहाला जे आलं त्याच्या तीन पूर्णांक दोन पट. फडकं बांधून मोजलं तेव्हा तीन पूर्णांक तीन.

बाई : तीन पूर्णांक दोन. एकदा तीन पूर्णांक तीन. हो, तोंडपाठ आहे तिला. बरं. हो, तिला सांगते. नाही, माझं काही म्हणणं नाही. योग्यच आहे ते. ठेवते.

द्रागो : बाई.

बाई : बोल.

द्रागो : नाही, काही नाही. मला आपलं वाटायचं, वर्गात मी एकटाच होतो, ज्याला... जाऊ दे.

बाई : तुलाही हसले होते मी?

द्रागो : एक-दोनदा. पण मला खरंच येत नव्हतं, बाई. त्याचं काही नाही.

बाई : त्याचंही आहे, द्रागो.

ब्रीना : काय म्हणाले ते?

बाई : तुझा आकडा त्यांनी लिहून घेतला. मग म्हणाले, पिंगपाँगच्या चेंडूला तेवढाच यायला हवा. आजच्या यादीत नाव नाही. पण कारणही लिहिणार नाहीत, जागा कोरी ठेवतायत. गुरुवारी तराजू घेऊन ये, त्यांच्यासमोर मोज. लांबचं, जवळचं, सगळं. जे येईल ते लिही. ते बघून पुढच्या वर्षीचं ठरवतील.

ब्रीना : ल्युब्लियानात? तिथं तर नुसतं धुकं असतं. भार टिकणार कसा?

बाई : आदल्या दिवसापासून खोली तापवून ठेवतो म्हणाले.

ब्रीना : आणि तुम्ही?

बाई : मला येऊ नका म्हणाले. चांगल्या शब्दांत म्हणाले. तू मोजत असताना मी त्या खोलीत नसलेली बरी.

द्रागो : मी नेतो तिला. मांड्या नाही नेणार, नुसता तराजू नेईन. आईला घरी काय सांगायचं, तेही मी बघतो.

ब्रीना : आईला मी सांगेन. आणि तू तार तोडशील, मामा. आज गाडीत चढवतानाच तोडत होतास.

द्रागो : हळू चालवीन की.

ब्रीना : चालवण्याचं नाही. ती पेटी दोघांनी दोन बाजूंनी धरावी लागते. एकाच तालात चढावं लागतं, नाहीतर काठी आत आपटते. जिने उंच आहेत तिथले. एक बाजू मी धरेन.

बाई : आणि दुसरी?

ब्रीना : दुसरी तुम्ही धरा. दारापर्यंत.

बाई : दारापर्यंत.

ब्रीना : आत नाही.

बाई : नाही. आत नाही.